डिंभ्याला राहायला जाणाऱ्यांसाठी

१

सहलीचा शेवटचा दिवस सहलीत धरू नये, हे मी या सदरात कितीदा तरी लिहिलं आहे. त्या दिवशी माणूस फक्त आवराआवर करतो, हरवलेला मोजा शोधतो आणि नवऱ्याशी भांडतो. म्हणून आदल्या संध्याकाळीच बॅगा भराव्यात. ओले कपडे वेगळ्या पिशवीत घालावेत, मुलांची खेळणी तळाशी टाकून एकच वर ठेवावं. आणि परतीची गाडी डोळ्यांनी दिसेपर्यंत खोली सोडू नये.

डिंभ्याला जायचं तर शिवाजीनगरहून मंचरची एसटी घ्यावी, मंचरहून घोडेगाव. घोडेगावच्या पुढे एसटी येईल तेव्हा येते आणि वडापची जीप भरेल तेव्हा सुटते. धरणाच्या फुगवट्यावर सोपानचं 'सागर बीच रिसॉर्ट' होतं. सागर नव्हता आणि बीचही नव्हता. मे महिन्यात पाणी आत सरकलं की जी रेताड जमीन उघडी पडते, तिच्यावर त्याने दोन रंगीत छत्र्या रोवल्या होत्या. रिसॉर्ट म्हणजे त्याचं राहतं घर. पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना, मागे स्वयंपाकघर, आणि मधली एक खोली कायम बंद.

ही २००३ सालची गोष्ट. आम्ही तिघं गेलो होतो. मी, आठ वर्षांची तेजस्विनी आणि आमचे हे, बाळासाहेब. नाव बाळासाहेब, पण साहेबपणा अंगात औषधालाही नाही. मूळचे बोरी बुद्रुकचे आणि कमालीचे भिडस्त. दारावर आलेल्या विक्रेत्यालाही यांना 'नको' म्हणता येत नाही, तेव्हा मला बाहेर यावं लागतं. कंपनी बंद पडल्यापासून वर्षभर घरी बसून होते. आता कुठे नवी नोकरी लागली होती आणि परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं. ही सहल त्याच आनंदात निघाली होती.

जागा छान होती. गार वारा, पाण्यावर बगळे. माझी तक्रार एकच होती, जेवणाची. आमटीला फोडणी नाही, भाजीला फोडणी नाही, पहिल्या दिवसापासून सगळं नुसतं उकडलेलं. सोपानची बायको अंजना चांगली सुगरण वाटत होती, हात सराईत चालायचा. मी एकदा विचारलंसुद्धा, "तेल संपलंय का गं?" ती म्हणाली, "न्हाई ताई, हाय की," आणि भांडी घासायला बाहेर गेली.

२

शेवटच्या दिवशी सकाळी बॅगा ओसरीवर आणून ठेवल्या. सोपान त्याच्या जीपने आम्हाला घोडेगावला सोडणार होता. जीप अंगणात उभी होती, पण सोपान नव्हता. घरात कुणीच नव्हतं. पाण्याकडून माणसांचा गलका ऐकू येत होता, म्हणून आम्ही तिकडे उतरलो.

छत्र्यांच्या पलीकडे, पाण्याच्या कडेला पंचवीस-तीस माणसं गोळा झाली होती. मधे सोपान उघडाबंब बसला होता आणि त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं. समोर पिंड, भाताचे गोळे. दहावा चालला होता.

अंजना माझ्याजवळ आली. तिने खाली मान घालून सांगितलं, "आमच्या आत्याबाई वारल्या. सासू माझ्या. तुमी यायच्या आदी. तुमचं बुकिंग झालेलं, न्हाई कसं म्हनायचं?"

"कुठे वारल्या?" मी विचारलं.

"मधल्या खोलीत."

म्हणजे आम्ही सुतकातल्या घरात राहत होतो, भिंतीला भिंत लावून. फोडणी का नव्हती ते आता कळलं. मला संताप आला आणि दुसऱ्याच क्षणी तिची कीवही आली. पण त्यावर बोलायला वेळ नव्हता, कारण कावळा शिवत नव्हता.

कावळे होते. बाभळीवर ओळीने बसले होते, पण एकही खाली उतरेना. नातलग एकेक करून पुढे होत होते आणि म्हातारीला वचनं देत होते. नातीचं लग्न धुमधडाक्यात करू. गाय विकणार नाही. धाकट्याशी भांडण मिटवलं. प्रत्येक वचनानंतर सगळे मान वर करून बघायचे. कावळे एकदा इकडे बघायचे, एकदा तिकडे. ऊन चढत होतं. कावळा शिवल्याशिवाय जीप हलणार नव्हती आणि माझं लक्ष सारखं घड्याळाकडे जात होतं.

सावळेराम म्हणून म्हातारीचे भाऊ होते, तेही म्हातारेच. ते दुसऱ्या कुणाला तरी म्हणाले, "आंबाक्काचं एकच म्हननं व्हतं, घर मोकळं टाकू नगा. ते का न्हाई बोलत कुनी?"

आता पुढे व्हायला कुणी तयार नव्हतं. सोपानने मान वर केली नाही. मी अंजनाकडे बघितलं, तर ती पदराने तोंड पुसत होती. मला वाटलं, साधं तर आहे, म्हणून टाका एकदाचं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तो लावला की विधी पुरा होतो, पण इच्छा राहिली ती राहिलीच, असं सगळे मानतात. बायका रडायला लागल्या.

आणि आमचे हे पुढे झाले. मला कळायच्या आत. पायांतल्या चपला काढून ठेवल्या, हात जोडले आणि आपल्या बोरीच्या भाषेत, घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलले, "आजी, घर मोकळं न्हाई राहनार. आम्ही हाय की हितं."

कावळा एवढ्या जवळून गेला की त्याचा वारा माझ्या गालाला लागला. तो पिंडावर बसला, चोच मारली, घास घेऊन उडाला.

लोकांनी मोठा श्वास सोडला. सावळेरामांनी बाळासाहेबांचे दोन्ही हात धरले. "लई उपकार केलं पावणं. लई उपकार."

"अहो, त्यात काय," बाळासाहेब लाजून म्हणाले. "माणसं अडली होती." आणि मला म्हणाले, "चल, आता निघता येईल."

३

आम्ही घराशी पोचेपर्यंत तिथे टेम्पो लागला होता. आधीच भरलेला. पिंपं, गाद्या, देव्हारा, शेतीची अवजारं, टीव्ही. दहाव्याच्या दिवशी घर हलवतात हे मी कधी ऐकलं नव्हतं. माणसं धावत आत जात होती आणि जे हाताला लागेल ते घेऊन बाहेर येत होती.

"कुठे निघालात?" मी अंजनाला विचारलं.

"मंचरला. खोली घेऊन ठिवलीय कवाची. पर निघता येत नव्हतं."

"का?"

ती माझं मनगट धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "ह्यो मिठाचा डबा. काडेपेटी हितं कोनाड्यात. लाकडं मागं हाईत. मागल्या दाराची कडी वर उचलून मग सरकवायची, न्हाईतर लागत न्हाई. सांजचा दिवा तेवढा लावत जावा."

"अगं, मला कशाला सांगतेस? आम्ही आत्ता निघतोय."

"व्हय, व्हय," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

सोपान जीपमध्ये बसला होता. बायामाणसं एकमेकींच्या मांडीवर बसली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. तो म्हणाला, "ह्यांना सोडून माघारी येतो. तासभर बसा." तेव्हा मी जीपसमोर आडवं पडायला हवं होतं. पण बाळासाहेब म्हणाले, "अगं, सावकाश येऊ दे त्यांना, दुःखात आहेत." जीप आणि टेम्पो एकामागोमाग खिंडीकडे गेले. धूळ खाली बसली आणि मग कसलाच आवाज राहिला नाही.

समोर असलेलं वाहन कधीही सोडू नये. पुढचं चांगलं असेल, मोकळं असेल, घ्यायला येईल, यावर विश्वास ठेवू नये.

४

तास गेला, दोन तास गेले. जीप आली नाही. मोबाइलला तिथे रेंज नव्हती. तेजस्विनी बॅगेवर डोकं टेकून झोपली.

मग घरात पाखडल्याचा आवाज सुरू झाला. सूप हलकं आपटत, वारा देत, एका लयीत. मधल्या खोलीतून. मी स्वतःला सांगितलं, उंदीर असतील. सामान हलवलं की उंदीर बिथरतात. पण उंदीर लय धरत नाहीत, हेही मला माहीत होतं. आवाज थांबला की बाळासाहेब उठायचे आणि काहीतरी करायचे. एकदा अंगण झाडलं. एकदा तुळशीला पाणी घातलं. एकदा मागे जाऊन लाकडं नीट रचून आले. कुणी सांगितलेलं नाही.

"अहो, हे काय चाललंय?"

"बसून काय करायचं? आता घरात दुसरं आहे कोण?"

शेवटी मी म्हटलं, चला चालत. सडक फार लांब नाही, भीमाशंकरकडून येणारी एसटी मिळेल. आम्ही बॅगा उचलल्या. कुंपणापाशी पोचलो तोच मागे दार करकरलं. वळून बघितलं तर पुढचं दार सताड उघडं होतं.

"मी कडी घातली होती," बाळासाहेब म्हणाले. "थांब, लावून येतो. लोकांचं घर आहे."

लावून आले. आम्ही पुन्हा निघालो. बाभळीपर्यंत गेलो आणि दार पुन्हा उघडलं. ते पुन्हा गेले. मी म्हटलं, राहू दे उघडं, चोराने न्यावं असं आत उरलंय काय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही अभद्र बोलले.

सडकेवर लाल गाडी दिसली. मी तेजस्विनीला ओढत पळाले, हात केला, गाडी थांबली. मी पायरीवर एक पाय ठेवून मागे बघते तर हे अर्ध्या वाटेवरून परत घराकडे चाललेले. मी जिवाच्या आकांताने हाक मारली. त्यांनी हात वर करून 'आलोच' अशी खूण केली आणि चालत राहिले.

"ताई, येताय का न्हाई?" कंडक्टर म्हणाला.

"दोन मिनिटं थांबा हो. माझे मिस्टर."

"कुठल्या घरात गेलेत?" त्याने वाकून बघितलं. मग लगेच घंटी दिली. मी पाय काढला नसता तर पडले असते.

त्या गाडीत मी आणि तेजस्विनी बसून गेलो असतो, तर आम्ही सुटलो असतो. हा विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला सांगू? पण नवरा माझा होता.

५

आम्ही दोघी परत आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तेजस्विनीला मी कुंपणाबाहेर दगडावर बसवलं आणि आत यायचं नाही म्हणून बजावलं. बाळासाहेब ओसरीवर, उंबऱ्याकडे पाठ करून बसले होते. चेहरा शांत होता. नोकरी गेल्यापासून इतका शांत चेहरा मी बघितला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

मागच्या दाराने मी घरात शिरले. मधल्या खोलीचं दार आता उघडं होतं. माणूस जिथे जातं तिथे पीठ पसरून दिवा ठेवतात आणि वर टोपली झाकतात. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं त्याची पावलं पिठात उमटतात म्हणे. आमच्याकडेही करतात, आणि मी नेहमी हसत आले आहे. टोपली बाजूला कलंडली होती. दिवा विझला होता. पिठात पक्ष्याची नखं नव्हती, गाईचा खूर नव्हता. दोन तळवे उमटले होते, बोटं फाकलेली, जमिनीवरून उठताना म्हातारी माणसं हात टेकतात तसे. तिथून पांढरी पावलं निघाली होती, पुसट, टाचेकडे रुंद. ती पाण्याकडे गेली नव्हती. पुढच्या दाराकडे गेली होती.

मी त्या दाराकडे बघितलं. बाळासाहेबांची पाठ दिसत होती. उंबऱ्याच्या आतल्या अंधारातून एक हात बाहेर आला होता. वाळलेला, बिनबांगड्यांचा. तो त्यांच्या डोक्यावरून फिरत होता. लेकराला तेल लावताना फिरवतात तसा, सावकाश, कपाळापासून मानेपर्यंत. आणि बाळासाहेबांनी डोळे मिटून मान मागे टाकली होती.

मी किंचाळले का ते आठवत नाही. एक पाऊल पुढे टाकलं तर तिथे फक्त दाराची चौकट होती आणि तिची सावली. सावलीच असेल, मी म्हटलं. पण त्यांचे केस चापून बसले होते आणि केसांत पीठ होतं.

"अहो, उठा."

"तू जा पोरीला घेऊन," ते म्हणाले. "मला काय तरास न्हाई हितं."

माझा नवरा पुण्यात वीस वर्षं राहिला आहे. माझ्याशी तो या भाषेत कधी बोलत नाही.

काय करावं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी पळत पाण्यावर गेले. पिंडाची जागा तशीच होती, भाताचे दोन गोळे उन्हाने वाळले होते. मी त्यांच्यासमोर बसले. आजी, आमचं चुकलं, आम्ही परके आहोत. बाभळीवरचे कावळे हलले नाहीत. आजी, तुमच्या नावाने अन्नदान करू. नाही हलले. आजी, दर वर्षी येऊ. एकाने पंख साफ केले. रस्त्यावरून दुधाचा टेम्पो येताना दिसत होता. त्याच्यानंतर काही येणार नव्हतं.

तेव्हा मी खरं तेच बोलले. "आजी, यांना सोडा. तुम्हाला घरात माणूस पाहिजे ना? माणसं मी पाठवीन. एक गेलं की दुसरं पाठवीन. घर मोकळं राहू देणार नाही."

कावळा लगेच उतरला. वाळलेला भात त्याने एका घासात नेला.

मी वर आले तेव्हा बाळासाहेब अंगणात उभे राहून केस झटकत होते. "अगं, कुठे होतीस? टेम्पो आला बघ," ते म्हणाले. आम्ही दुधाच्या कॅनवर बसून घोडेगावला आलो. वाटेत ते तेजस्विनीला गाणी म्हणून दाखवत होते.

६

पुढे मी सोपानला मंचरच्या बाजारात शोधून काढलं. त्याने काही न विचारता किल्ल्या काढून दिल्या. "तुमीच बघा ताई. आमच्यातलं कुनी तिकडं न्हाई येनार." तेव्हापासून बुकिंग मी चिंचवडहून बघते. स्वयंपाकाला डिंभ्याच्या लंकाबाई येतात. त्या दिवसा येतात आणि दिवसाच जातात.

तीन वर्षं झाली. माझ्या पाहुण्यांना कसलाही त्रास झालेला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. उलट सगळे म्हणतात, झोप गाढ लागते. निघायला उशीर होतो, एवढीच काय ती तक्रार. एक निवृत्त मास्तर चार दिवसांसाठी गेले आणि सहा महिने राहिले. तेवढे महिने मला शांत झोप लागली. गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाने येऊन त्यांना नेलं. धरूनच न्यावं लागलं म्हणे.

तुम्ही म्हणाल, ही बाई सगळं सांगते आणि वर आम्हालाच बोलावते. मला न सांगताही बोलावता आलं असतं. पण मी बघितलंय, सांगितलं की माणसं जास्त येतात.

घर मोकळं झालं की बाळासाहेब कामावर लक्ष देत नाहीत. मग जेवत नाहीत. मग एखाद्या दिवशी मंचरच्या स्टँडवरून कुणाचा तरी फोन येतो, तुमचे मिस्टर इथे बसलेत, कुठे जायचंय ते सांगत नाहीत. या खेपेला मास्तरांच्या जागी कुणी मिळालेलं नाही. आत्ता मी हे लिहितेय आणि ते चपला घालून दारात उभे आहेत. तेजस्विनी त्यांचा हात धरून बसली आहे. ती आता अकरा वर्षांची आहे, तिचा जोर किती पुरणार?

तेव्हा या शनिवारी जमवाच. मे महिना आहे, पाणी आत गेलंय, वारा छान असतो. शिवाजीनगरहून सकाळची मंचर गाडी धरा. चौघं-पाचजण असाल तर उत्तमच. एकटे असाल तरी चालेल.